१२.८ कॉम्प्रेशनच्या ट्रॅक इंजिनला इंधन कोणतं घालावं?

सर्किट_सोबती (धागाकर्ता):
इंजिनचा तपशील आधी देतो. ४ सिलिंडर, बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी, एकूण १९९८ सीसी. टर्बो नाही. पोर्ट इंजेक्शन, स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर). फोर्ज्ड पिस्टन घातलेत, हेड फेस केलंय. ब्युरेटने मोजल्यावर प्रत्येक सिलिंडरची क्लिअरन्स जागा ४२.३ सीसी भरली, म्हणजे कॉम्प्रेशन १२.८:१. कनेक्टिंग रॉड १४३ मिमी. रेव्ह लिमिट ८२००. वापर फक्त ट्रॅकवर, २०-२५ मिनिटांची सत्रं.

पंपावरच्या ९५ रॉनच्या (ऑक्टेनचा एक आकडा) पेट्रोलवर ४८०० ते ५५०० आरपीएमच्या पट्ट्यात नॉकिंग (न जळलेलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) येतं. टाइमिंग (ठिणगी पडायची वेळ) ६ अंश मागे घेतलं की थांबतं, पण मग गाडीत जीव राहत नाही. समोर पर्याय चार: १०० ऑक्टेनचं अनलेडेड रेस फ्यूल, ११० लेडेड (शिसं घातलेलं), ई८५ (इथेनॉल-पेट्रोलचं मिश्रण) आणि अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल). 'सगळ्यात जास्त ऑक्टेनचं घ्या' एवढाच सल्ला जिथे तिथे मिळतो. निवडायचं कसं?

पिस्टनराव:
इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो ते लिहिलं नाहीत. त्याशिवाय १२.८ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. पिस्टन तळातून वर निघाला तरी इनटेक उघडाच असतो, खरी दाबणी तो बंद झाल्यावर सुरू होते.

तुमच्याच मापांवर दोन कॅम लावून बघू. पहिल्यात इनटेक तळबिंदूनंतर ६० अंशांवर बंद होतो. त्या क्षणी पिस्टन माथ्यापासून ६९.४ मिमी खाली असतो, म्हणजे दाबायचं आकारमान ४०३ सीसी. (४०३ + ४२.३) भागिले ४२.३ म्हणजे १०.५. दुसऱ्या कॅमवर इनटेक ७५ अंशांवर बंद होतो. आता पिस्टन ६०.३ मिमी खाली, आकारमान ३५० सीसी, गुणोत्तर ९.३. पिस्टन तेच, हेड तेच, पण पहिलं इंजिन पंपाच्या पेट्रोलवर रडेल आणि दुसरं त्याच पेट्रोलवर बऱ्यापैकी चालेल.

बंद होण्याचा अंश सीटपासूनचा, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण टेकतो तिथला धरा. कॅम कार्डावर १ मिमी किंवा ०.०५० इंच लिफ्टला मोजलेला आकडा छापलेला असतो. तो धरलात तर गुणोत्तर खऱ्यापेक्षा जास्त निघतं.

सर्किट_सोबती:
सीटवर मोजून ६० अंश. म्हणजे १०.५ वाला मीच.

पिस्टनराव:
मग नॉकिंगचं नवल नाही. पट्टाही बरोबर तोच आहे. टॉर्कच्या शिखरापाशी सिलिंडर सर्वांत जास्त भरतो. ८००० वर तेवढा भरत नाही आणि कोपऱ्यातल्या न जळलेल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळही कमी मिळतो. म्हणून इंधन निवडताना लाल रेषेकडे बघू नका, ५००० आरपीएमला फुल थ्रॉटल आणि तापलेलं इंजिन हीच तुमची परीक्षा. एक राहिलं, स्क्विश (पिस्टन माथ्यावर असताना हेडशी उरणारी फट) किती आहे?

सर्किट_सोबती:
०.९५ मिमी.

पिस्टनराव:
उत्तम. १.५ वगैरे असता तर इंधनाआधी गॅस्केट बदला म्हटलं असतं.

लॅम्डा_वन:
ऑक्टेनचा आकडा वाचण्यातच निम्मी गफलत होते, म्हणून थोडं सविस्तर.

ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंग रोखायची ताकद, आणि रॉन व मॉन हे ते मोजायचे दोन आकडे. दोन्ही एकाच प्रकारच्या एकसिलिंडर प्रयोगइंजिनवर मोजतात, पण परिस्थिती वेगळी. रॉन ६०० आरपीएमवर, आत येणारी हवा साधारण ५२ अंश सेल्सिअस. मॉन ९०० आरपीएमवर आणि हवा-इंधनाचं मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. ट्रॅकवर सलग फुल थ्रॉटल खाणारं, तापलेलं इंजिन मॉनच्या परिस्थितीला जास्त जवळ असतं. पोर्ट इंजेक्शनच्या रेस इंजिनसाठी म्हणून मी मॉन आधी बघतो.

आता तुमचं '१०० ऑक्टेन'. कॅनवर १०० रॉन असेल तर मॉन ८८-९० असू शकतो. तोच १०० दोन्हींची सरासरी असेल तर रॉन १०५ आणि मॉन ९५ अशी जोडी निघते. दोन्ही कॅनवर छापलंय १००, पण ही इंधनं एका वर्गातली नव्हेत. विक्रेत्याकडून तांत्रिक तक्ता मागा आणि त्यात पाच गोष्टी शोधा: रॉन, मॉन, घनता, वजनाने ऑक्सिजन किती टक्के, आणि शिशाचं प्रमाण. तक्ता देत नसेल तर ते इंधन घेऊ नका, गुळगुळीत कॅन आणि झकास स्टिकर गेले खड्ड्यात.

ई८५ बद्दल इथेच एक गोष्ट. शुद्ध इथेनॉलचा रॉन १०८-१०९, पण मॉन ९० च्या आसपास. कागदावर मॉन एवढा मामुली असूनही ते नॉकिंग दाबतं, कारण बाष्प होताना ते प्रचंड उष्णता ओढतं: किलोमागे पेट्रोल साधारण ३५० किलोज्यूल, इथेनॉल ८५० च्या पुढे. शिवाय तेवढ्याच हवेला वजनाने दीडपट इंधन जातं. मॉनच्या चाचणीत मिश्रण आधीच तापवलेलं असल्यामुळे हा थंडावा आकड्यात नीट उतरत नाही.

रेव्हहॅपी:
पण ११० लेडेड घातलं की पॉवर वाढतेच की! डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) दिसते.

लॅम्डा_वन:
टाइमिंग नॉकिंगमुळे मागे अडकलेलं असेल आणि नवं इंधन ते पुढे न्यायला मोकळीक देत असेल, तर वाढते. नुसत्या ऑक्टेनने नाही. कधीकधी त्या इंधनातला ऑक्सिजन किंवा वेगळी घनता मिश्रण बदलून टाकते आणि तिथून दोन-चार घोडे येतात, श्रेय मात्र ऑक्टेनला जातं. लेडेडचा वास आला की गाडी आपोआप वेगवान वाटते ते वेगळंच.

पिस्टनराव:
यावरची तपासणी सोपी आहे. इंधन बदला, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं पुरेल एवढं, त्याखाली इंधन जास्त) आधीच्याच आकड्यावर आणा (तुमच्या इंजिनला पेट्रोलवर फुल थ्रॉटलला ०.८७-०.८९), टाइमिंग माहीत असलेल्या सुरक्षित आकड्यापासून ४ अंश मागे ठेवून सुरुवात करा. डायनोवर ५००० ला धरून २-२ अंश पुढे न्या. प्रत्येक पायरीला टॉर्क लिहा आणि इअरफोनवर ब्लॉक ऐका. ८६ बोअरला नॉकिंगची पहिली वारंवारता ६.७ किलोहर्ट्झच्या आसपास पडते, फिल्टर तिथे लावा.

यातून दोनपैकी एक निकाल येतो. टॉर्क वाढत असतानाच ठोके ऐकू आले, तर इंधन कमी पडतंय. ठोके न येता टॉर्क सपाट झाला, म्हणजे २ अंश पुढे नेऊनही काही हाती लागलं नाही, तर इंजिन त्याच्या एमबीटीला, म्हणजे सर्वांत जास्त टॉर्क देणाऱ्या टाइमिंगला पोचलं. यापुढचं ऑक्टेन फक्त खिशाला भोक. एमबीटीला पोचून वर २-३ अंशांची मोकळी जागा ठेवणारं सर्वांत कमी ऑक्टेनचं इंधन, हे माझं माप. ती मोकळी जागा पंचविसाव्या मिनिटाला, इनटेकची हवा तापल्यावर कामी येते. थंड इंजिनवर गाठलेला आकडा ट्रॅकवर टिकत नाही.

जुना_जेट:
लेडेड आणि अ‍ॅव्हगॅसवर मी लिहितो.

लेडेडचा पहिला बळी ऑक्सिजन सेन्सर. वाइडबँड सेन्सर (लॅम्डा मोजणारा) लगेच मरत नाही, हळूहळू आळशी होतो आणि चुकीचे आकडे दाखवू लागतो. हे जास्त वाईट, कारण तुम्ही त्या आकड्यांवर विश्वासून ट्यून करत राहता. लेडेडवर जायचं तर मॅप बसेपर्यंत सेन्सर ठेवा, मग काढून तिथे बूच मारा आणि दुसरा सेन्सर फक्त तपासणीसाठी राखून ठेवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर लेडेडचा विषयच सोडा.

अ‍ॅव्हगॅस १००एलएल स्वस्तातलं रेस फ्यूल समजलं जातं. त्याचा मॉन किमान ९९.६, शिसं लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम. एलएल म्हणजे शिसं कमी, पण ते विमानाच्या जुन्या इंधनाच्या मानाने. गाडीच्या सेन्सरला ते भरपूरच. घनता ०.७१-०.७२, आपल्या पेट्रोलची ०.७४५ धरा. म्हणजे त्याच इंजेक्टर वेळेत ४ टक्के कमी वजन जातं आणि मिश्रण लीन होतं (इंधन कमी पडतं). मॅप न बदलता अ‍ॅव्हगॅस ओतून 'नॉकिंग गेलं' म्हणणाऱ्यांचे पिस्टन कधी उघडून बघा. बाष्पदाबही मुद्दाम कमी राखलेला असतो, ३८ ते ४९ किलोपास्कल, त्यामुळे थंड इंजिन नखरे करतं आणि थ्रॉटल झटकन उघडला की क्षणभर अडखळतं. स्थिर आरपीएमवर चालणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं इंधन आहे ते. वाईट नाही, पण माझी पहिली पसंती नाही.

आणि लेडेडने हात धुणं, पार्ट पुसणं बंद करा. टेट्राएथिल लेड कातडीतून शरीरात जातं.

नवशिका_९३:
ऑक्टेन बूस्टरची बाटली किंवा टोल्युइन मिसळून नाही का भागणार?

जुना_जेट:
बाटलीवर 'पाच पॉइंट' लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा ते ०.५ ऑक्टेन असतं, १० पॉइंट म्हणजे १. मँगनीज किंवा लोहाची संयुगं असलेले बूस्टर प्लगच्या पोर्सिलेनवर लालसर थर देतात. लोहाचा थर वीजवाहक असतो, मग प्लग मिसफायर करतो आणि दोष कॉइलवर जातो.

टोल्युइनचा हिशेब जमतो. रॉन १२० आणि मॉन १०७ धरा. ९५/८५ च्या पेट्रोलमध्ये आकारमानाने ३० टक्के घातलं तर ढोबळ सरासरीने रॉन १०२.५, मॉन ९१.६. मात्र ते ११०.६ अंशांना उकळतं, थंडीत बाष्प व्हायला कुरकुरतं. घनता ०.८६७ असल्याने आणि त्याला हवाही कमी लागत असल्याने मिश्रण ७-८ टक्के रिच होतं (इंधन जास्त होतं). ३० टक्क्यांपुढे जाऊ नये. शिवाय प्रत्येक भरणीला तेच मिश्रण बनलं याची खात्री कोण देणार? मॅप एका इंधनावर बसवायचा आणि टाकीत दरवेळी थोडं वेगळंच घालायचं, याला ट्यूनिंग म्हणत नाहीत. स्पर्धेत उतरणार असाल तर नियम आधी वाचा. इंधन ठरवून दिलेलं असेल तर डायइलेक्ट्रिक मीटर आणि घनतेच्या मापाने अशी भर पटकन पकडली जाते.

टर्बोताई:
सोबती, तुमचं इंजिन डोळ्यांसमोर ठेवून ई८५ चा हिशेब करते, कारण माझ्या मते तुमचा खरा सामना ई८५ आणि मॉन ९५ चं अनलेडेड या दोघांतच आहे.

१५० किलोवॅट धरू. पेट्रोलवर तासाला किलोवॅटमागे ३०० ग्रॅम, म्हणजे ४५ किलो. चार इंजेक्टर, ८५ टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ): प्रत्येकी १३.२ किलो तासाला, म्हणजे मिनिटाला २९६ सीसी. ई८५ ला स्टॉइकिओमेट्रिक गुणोत्तर (पूर्ण जळायला इंधनाच्या किती पट हवा लागते, वजनाने) ९.८ च्या आसपास (पेट्रोल १४.७), त्यामुळे आकारमानाने ४० टक्के जास्त: ४१५ सीसी. बाजारात ४४० चे इंजेक्टर मिळतात ते घ्या. पंपाने तासाला ८५ लिटर द्यायला हवेत, तेही खऱ्या दाबावर आणि खऱ्या व्होल्टेजवर, म्हणून क्षमता २५-३० टक्के वरची. २५ मिनिटांच्या सत्रात सरासरी ६० टक्के भार धरला तर पेट्रोलचे १५ लिटर लागतील तिथे ई८५ चे २१. टाकी पुरते का ते बघा. शेवटच्या फेऱ्यांत वळणावर टाकीतला पिकअप (इंधन ओढणारं तोंड) उघडा पडला तर सगळं ऑक्टेन पाण्यात.

गेज एएफआरमध्ये (हवा-इंधन गुणोत्तरात) असेल तर ते लॅम्डावर घ्या. पेट्रोलला बांधलेलं गेज ई८५ वरही लॅम्डा १ ला १४.७ च दाखवतं आणि माणूस ९.८ शोधत बसतो. ई८५ ला फुल थ्रॉटलला ०.८३-०.८७ पासून सुरू करा.

नळ्या पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराच्या. साधा नायट्राइल रबर फुगतो. जुन्या टाकीत ई८५ पहिल्यांदा ओतल्यावर आतला साचलेला मळ सुटतो आणि फिल्टर तुंबतो. पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर उघडून बघायचाच. तेलात इंधन उतरतं, म्हणून तेल दरवेळी ९०-१०० अंशांपर्यंत तापू द्या आणि लवकर बदला. झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर इंजिन पुरेसं तापत नाहीये.

नवशिका_९३:
ई८५ म्हणजे नेहमी ८५ टक्केच ना?

टर्बोताई:
नाही, आणि गोची इथेच होते. अमेरिकेतल्या एएसटीएम मानकात ई८५ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल चालतं, ऋतूनुसार बदलतं. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून पेट्रोल वाढवतात.

मोजायची रीत: १०० मिलीची उभी मोजनळी घ्या. १० मिली पाणी, वर ९० मिली इंधन. बूच लावून जोरात हलवा, मधे एकदा दाब सोडा, १० मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खाली साफ रेषा दिसते. खालच्या थरातून १० वजा करा, ९० ने भागा. खालचा थर ७३ मिली आला तर ६३ भागिले ९०, म्हणजे ७० टक्के. रेषा डोळ्याच्या पातळीवर वाचा. रीत दोन-तीन टक्क्यांनी चुकते, पण ७० आणि ८३ मधला फरक सांगते. फ्लेक्स सेन्सर (इथेनॉलचं प्रमाण मोजणारा) लावलात तर उत्तमच: ५० हर्ट्झला ०, १५० हर्ट्झला १०० टक्के, ईसीयू स्वतः जुळवून घेतं. नाहीतर रेससाठी सीलबंद, ठरावीक प्रमाणाचं ई८५ मिळतं, ते घ्या.

कार्ब_काका:
कार्ब्युरेटरवाल्यांसाठी एक ओळ. प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळावर जातो, व्यासावर नाही. ३५ टक्के जास्त इंधन हवं तर व्यास १६ टक्के वाढतो: १५० चा मेन जेट १७४-१७५ वर जातो. पायलट, नीडल आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपही त्याच प्रमाणात. सगळ्यांत विसरली जाते ती फ्लोटची नीडल-सीट. ती लहान राहिली तर लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी बाऊल रिकामा होतो आणि तिथेच पिस्टन वितळतो.

रेव्हहॅपी:
मग सरळ मिथेनॉलवरच का जाऊ नये?

कार्ब_काका:
पेट्रोलच्या दुपटीहून जास्त प्रवाह लागतो, स्टॉइकिओमेट्रिक ६.४-६.५. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम खातं, दिवस संपला की सगळी यंत्रणा पेट्रोलने धुवावी लागते. उजेडात ज्वाला दिसत नाही, वाफ आणि कातडी दोन्हींतून विषबाधा, पोटात गेलं तर डोळे जातात. टू-स्ट्रोकवाल्यांनी लक्षात ठेवा, खनिज तेल त्यात विरघळत नाही, एरंडेल विरघळतं. १४-१५ च्या पुढचं कॉम्प्रेशन आणि हाताशी सरावलेली माणसं असतील तरच. १२.८ ला गरज नाही.

पिस्टनराव:
मिथेनॉल असो की इथेनॉल, नॉकिंगपेक्षा प्री-इग्निशनला (ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याला) जपा. अल्कोहोल तापलेल्या टोकावर सहज पेटतं. प्लग एक पायरी थंड घ्या, पिस्टनवरच्या व्हॉल्व्ह पॉकेटच्या धारा एमरी कागदाने मोडा, प्लगचा एकही आटा चेंबरमध्ये उघडा ठेवू नका. प्री-इग्निशनला आवाज येईपर्यंत पिस्टनच्या मधोमध भोक पडलेलं असतं. नॉकिंग त्या मानाने सूचना देतं: पिस्टनच्या कडेला बारीक खड्डे, मग रिंग लँड तुटणं.

सर्किट_सोबती:
प्लग वाचून किती कळतं?

जुना_जेट:
नवा प्लग, एक पूर्ण फुल थ्रॉटल ओढ, लगेच इग्निशन बंद करून क्लच दाबून गाडी घरंगळत आणा. प्लग काढून दहापट भिंगाखाली धरा. पोर्सिलेनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण दिसले तर नॉकिंग झालंय, तिथेच थांबा. मग बाहेरच्या वाकड्या पट्टीवरची रंगबदलाची रेषा बघा. ती पट्टी वाकते तिथे असेल तर टाइमिंग ठीक. टोकाकडे असेल तर टाइमिंग कमी, आट्यांच्या बाजूला सरकली असेल तर फार पुढे गेलंय. ई८५ वर पोर्सिलेन जवळजवळ कोरं राहतं, त्याच्या रंगावरून मिश्रण ठरवू नका. लेडेडवर राखाडी थर येतो, तो नेहमीचाच.

लॅम्डा_वन:
सोबती, माझं मत: वर्षात मोजकीच सत्रं करणार असाल, इंजेक्टर-पंप बदलायचे नसतील, तर रॉन १०५/मॉन ९५ चं अनलेडेड. सेन्सर जिवंत राहतात, मॅपमध्ये थोडाच बदल. दर आठवड्याला ट्रॅकवर जाणार असाल आणि कॅम हाच ठेवणार असाल, तर ई८५ चा थंडावा तुम्हाला एमबीटीपर्यंत नेईल. ११० लेडेड तुमच्या १०.५ ला बहुधा गरजेपेक्षा जास्त, पण पिस्टनरावांची डायनो चाचणी शेवटचा शब्द देईल.

सर्किट_सोबती:
आधी अनलेडेडवर चाचणी करतो. टॉर्क सपाट व्हायच्या आत ठोके आले तर ई८५. बदलताना काही खास?

टर्बोताई:
टाकी पूर्ण रिकामी करा, रेलच्या परतीच्या नळीतून जुनं इंधन डब्यात काढा, नवीन २-३ लिटर घालून तेही एकदा असंच फिरवून काढा. मगच भरा. उरलेलं रेस फ्यूल धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत, काठोकाठच्या जवळ भरलेलं. अर्धा रिकामा कॅन ठेवला की हलके घटक वरच्या हवेत जातात आणि पुढच्या वेळी गाडी थंडीत सुरू होत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या कॅनमध्ये लेडेड तर अजिबात नको, उन्हाने त्यातलं शिसं विघटन पावतं. ई८५ महिनोन्महिने उघडबंद होणाऱ्या कॅनमध्ये पाणी शोषत राहतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये अर्धा टक्का पाणी गेलं की थर वेगळा होऊन दिसतो तरी, ई८५ मध्ये ते विरघळून लपून राहतं. कॅनवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा.